चंद्रावतीचा गिअर

"हे भंगार एकदा टेम्पोत घाला, नायतर मना तरी घाला!" गुणाबाई नवऱ्यावर ओरडली. वाळत टाकलेली नवी साडी गंजक्या इंजिनाला अडकून टर्रकन फाटली होती.

काशिराम एक जुना पंप पुसत राहिला. गव्हाणच्या रस्त्यावर त्याचं दुकान. पुढं गवत कापायची चकाचक मशिनं, पंप, करवती. मागच्या परसात मात्र मेलेल्या मशिनांचा ढीग. माणूस मोठा चिवट. खराब मशीन खोलायचा, चांगला भाग काढून पुसायचा आणि त्यावर मालकाचं नाव रंगवायचा. तो भाग दुसऱ्याच्या मशीनला लावायचा तर आधी मूळ मालकाला विचारायचं, असा त्याचा नेम. म्हणून तर लोक मेलेलं मशीन भंगारात न देता त्याच्याकडे आणून टाकत.

"लोखंडाची बी सोयरीक जुळवता काय?" गुणाबाई करवादली.

तेवढ्यात दीनानाथ धावत आला. खांद्यावर भात कापायचं मशीन, अंगभर भाताच्या काड्या.

"काशिदादा, मेलो! गिअर खल्लास झाला. भात आडवा पडलाय आन आभाल बघ कसा काला झालाय!"

काशिरामनं पातं फिरवून बघितलं. खरंच खल्लास. नवा गिअर कंपनीकडून येईपर्यंत भाताला कोंब फुटले असते. ढिगात जुळणारा एकच होता आणि त्यावर नाव होतं चंद्रावतीचं.

झाली का पंचाईत! चंद्रावती ही दीनानाथची चुलत भावजय. दोघांनी मशिनं एकाच दिवशी घेतली होती. पुढं बांधावरून जुंपली आणि बोलणंच बंद झालं. मशीन देताना तिनं बजावलं होतं, "कुनाला बी दे, या दीनानाथला सोडून."

"लावून टाक," दीनानाथ कुजबुजला. "तिला कोन सांगतंय?"

"मी सांगेन ना! उद्या माज्याकडं कोन मशीन टाकील?" म्हणत काशिरामनं फोन लावला.

"नाय म्हंजे नाय!" फोनमधला आवाज पार रस्त्यावर ऐकू गेला. "माझा गिअर त्याच्या शेतान फिरनार नाय."

"बरं वयनी, नको," काशिराम म्हणाला. "तुझं भात झालं काय कापून?"

 पलीकडचा आवाज जरा खाली आला. "कुठं रं? मानसं भेटत नायत. सगली जासईच्या कंटेनर यार्डात कामाला."

थोड्या वेळात चंद्रावती स्वतःच रिक्षातून उतरली. पदर खोचून दारात उभी राहिली आणि दीनानाथकडं न बघता बोलली, "काशिदादा, त्याला सांग. पयलं माझं शेत कापायचं, मंग त्याचं. कबूल असंल तर लाव गिअर."

"तिला सांग," दीनानाथ भिंतीकडं बघत म्हणाला, "मी तिच्या शेतान पाय ठेवनार नाय."

उरणच्या बाजूला आभाळ गडगडलं.

"लाव रं लाव," दीनानाथ म्हणाला.

दुपार कलल्यावर काशिराम गिअर टिकतोय का ते बघायला शेतावर गेला. मनातून धास्तावलाच होता. एकमेकांची डोकी फोडली तर? चंद्रावतीचं भात कापून, भारे बांधून घरात गेलं होतं. दीनानाथचं शेत निम्मं उरलेलं. मशीन झकास चाललं होतं आणि चंद्रावती मागोमाग भारे बांधत होती, त्याच्या शेतात! तोंडाचा पट्टा चालूच.

"असं आडवंतिडवं कापतान? आयशीनं शिकवलं नाय काय?"

"माझी आय तुझी चुलतसासू लागते, वयनी! तुला तरी काय शिकवलं?"

काशिरामला एवढं बरं वाटलं की त्यानं चपला काढल्या आणि तोही भारे उचलू लागला. शेवटचा भारा पडवीत पडला आणि पाऊस धो धो कोसळला. तिघं दीनानाथच्या पडवीत घामानं ओलेचिंब उभे.

चंद्रावतीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता बघतोस काय रं? पाऊस थांबला की बांधावर ये. आपलं भांडन अजून बाकी हाय."

"येतो की," दीनानाथ म्हणाला. "पयलं च्या घेऊन जा."

ती आत जाऊन बसली.