सतरावी चिठ्ठी

मी कोणाला भीत नाही, असं तीस वर्षं वर्गात सांगत आले. यंदा जूनमध्ये ते खोटं ठरलं, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, आमच्या कॉलेजात फौजदारी कायद्याची शेवटची परीक्षा तोंडी असते. टेबलावर तीस चिठ्ठ्या पालथ्या मांडायच्या, विद्यार्थ्याने एक उचलायची आणि तीन परीक्षकांसमोर उत्तर द्यायचं. चिठ्ठ्या मी लिहिते. सतराव्या चिठ्ठीत एक प्रकरण होतं. एका नानवाल्याला चोरीच्या आळावरून धरलं. तिसऱ्या दिवशी, वकील नसताना, त्याने कबुली दिली. माल सापडला नाही, साक्षीदार नाही. गुन्हा सिद्ध झाला का?

नाव घातलं नव्हतं, पण तो इल्होम हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. मार्चमध्ये अख्खा वर्ग घेऊन मी त्याच्या खटल्याला बसले होते. न्यायाधीशांनी वीस मिनिटांत सात वर्षं ठोठावली. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो. खटला लढवणारे सरकारी वकील कादिरकुलोव यंदा आमच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते.

आमचे डीन, तालान्त आगाय, म्हणजे तालान्त सर, तिसरे परीक्षक. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, गरम साम्साची, म्हणजे आमच्या खिमा भरलेल्या समोशांची, बशी पुढे सरकवली आणि सतरावी काढून टाका म्हणाले. नाहीतर ऑगस्टात संपणारं माझं कंत्राट पुढे चालणार नव्हतं. मी निमूटपणे चिठ्ठी काढून टाकली, तिच्या जागी दुसरी लिहून दिली. साम्सा तेवढा खाल्ला नाही. एवढीच माझी मर्दुमकी!

परीक्षेला पहिली आली आयपेरी, डोंगरातल्या मेंढपाळाची मुलगी. तिला 'कबुलीजबाब' हा विषय आला. व्याख्येला उदाहरण नसेल तर निम्मे गुण कापायचे, हा माझा जुना नियम. तिने व्याख्या सांगितली आणि उदाहरण म्हणून इल्होमचा खटला दिला, तारखेसकट.

कादिरकुलोवांनी दुसरं उदाहरण मागितलं.

"साहेब, मी आयुष्यात एकच खटला पाहिलाय."

"मग पुस्तकातलं दे."

"पुस्तकात कबुली कधी धरायची नाही ते दिलंय, साहेब. धरतात कशी, ते आम्ही तिथे बघितलं."

ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "दोन लिहा."

पाच म्हणजे पहिला वर्ग, दोन म्हणजे नापास. गुणपुस्तिका माझ्यापुढे होती. आकडा आणि सही विषय शिकवणाऱ्याची. डीन खाकरले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी शिकवलेलं ती पोर बोलत होती आणि मी, शिकवणारी, ते खिशात घालून बसले होते.

मी पाच लिहिले.

"मी दोन म्हणालो," कादिरकुलोव म्हणाले.

"ऐकलं. तिचं उत्तरही ऐकलं."

डीन माझ्या कानाशी लागले. "एजे," म्हणजे ताई, "कंत्राटाचं लक्षात आहे ना?"

"आहे की. ऑगस्टापर्यंत सही माझीच चालते."

नंतरच्या तिघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्या उचलल्या. अटक, साक्षीदार, पुरावा. उदाहरण प्रत्येकाचं तेच. मी कोणाला काही पढवलं नव्हतं, शपथेवर सांगते. कादिरकुलोव दर वेळी दोन म्हणत, मी दर वेळी पाच लिहीत होते.

पाचवा बेकतुर. जुलैपासून त्याची नोकरी कादिरकुलोवांच्याच कचेरीत ठरलेली. घरी आई आणि दोन बहिणी, कमावता हाच. त्याला 'आरोपीचा वकिलाचा हक्क' आला. व्याख्या त्याने सांगितली, उदाहरण राहिलं. पुस्तकातलं काहीतरी सांग रे बाबा, असं मीच मनात म्हणत होते, हे कबूल करते.

"बोल बेटा," कादिरकुलोव प्रेमाने म्हणाले. "तू तर आपलाच आहेस."

बेकतुरने त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे, साहेब. नानवाल्याच्या बाजूची खुर्ची रिकामी होती आणि समोर तुम्ही उभे होता."

माझी नोकरी पहिल्या पाचालाच गेली होती, आता एका वाक्यात त्याचीही गेली. हे आम्हा दोघांनाही कळलं. मी पाच लिहिले, सही केली आणि सहाव्याला आत बोलावलं.