हं म्हणायचं नाही

आमच्या सरिताला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला आणि त्याचं जावळ आम्ही आमच्या गावी, पिशोरला काढलं, त्याच साली मंजुषाला चीनच्या पोरांची परीक्षा घेण्याचं काम मिळालं. सरिता माझी धाकटी मुलगी. मंजुषा माझ्या मुलाची, विश्वजीतची पोरगी. जावळाच्या पंगतीतच तिचा फोन वाजला. ती उठून गोठ्याकडं गेली आणि परत आली तेव्हा हातावरचा वरणभात वाळला होता.

"काम मिळालं," ती म्हणाली. "चीनमधल्या हायस्कूलच्या पोरांची इंग्रजीची तोंडी परीक्षा घ्यायची."

माझी बायको वच्छला पोळ्या वाढत होती. ती म्हणाली, "मंग तुला चीनला जावं लागंल का?"

"नाय आजी. घरूनच."

"म्हंजी ते इथं येणार? किती जणांचा सैपाक टाकू?"

पंगत हसली. वच्छला स्वतः हसली नाही. तिला हसवता यायचं, आणि हसवणाऱ्यानं हसायचं नसतं हे ती जाणून होती.

आम्ही दोघं तेव्हा शहरात, उस्मानपुऱ्यात विश्वजीतच्या घरी राहायला येऊन चार-पाच वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावर घर, खाली शिवणाच्या मशिनींचं दुकान. मंजुषा इंग्रजीत एम.ए. झालेली. दोन शाळांत तात्पुरतं शिकवून आली होती, कायम कुणी केलं नव्हतं. विश्वजीतनं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत कामाचं नक्की झालं नाही तर मी स्थळं बघायला लागणार. तिला एवढ्यात लग्न करायचं नव्हतं. म्हणून ते काम टिकणं तिच्यासाठी जीवनमरणाची गोष्ट होती.

काम तिची मैत्रीण रुक्सार हिनं मिळवून दिलं. रुक्सार कॉलेजपासूनची, स्वतः त्याच कामावर वर्षभरापासून होती. तिकडं आपल्यापेक्षा अडीच तास आधी दिवस सुरू होतो, म्हणून मंजुषा सकाळी साडेसहाला कॉम्प्युटरपुढं बसायची. तिकडं शाळेच्या खोलीत एकेक पोरगं कानाला यंत्र लावून हिच्या पडद्यावर समोर यायचं. मंजुषा एक प्रश्न वाचून दाखवायची. तुझ्या घरातल्या एखाद्या माणसाबद्दल सांग, तुझ्या गावाबद्दल सांग, असे प्रश्न. मग पोरानं दोन मिनिटं बोलायचं आणि हिनं गुण द्यायचे. त्या गुणांवर ठरायचं की पुढच्या वर्षी पोरगं वरच्या तुकडीत बसणार की खालच्या.

त्या वेळात घरात मिक्सर बंद, कुकर बंद. वच्छला भाकरीसुद्धा हळू थापायची.

आता इथं मला वच्छलाबद्दल सांगायला पाहिजे. ती गोष्टी सांगायची. पोथीतल्या नाहीत, माणसांच्या. तिचा कडुबामामा एकदा कन्नडला नव्या सासुरवाडीला निघाला आणि गल्ली चुकून भलत्याच घरात शिरला. त्या घरी मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. त्यांनी ह्यालाच पाहुणा समजून पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, पोटभर जेवू घातलं. हाही सासुरवाडीच समजून जेवला. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकानं पन्नास वेळा ऐकली असेल, तरी ती सांगायला बसली की माणसं कामं टाकून यायची.

पण तिची एक अट असायची. ऐकणाऱ्यानं हुंकार दिला पाहिजे. आमच्याकडं ती रीतच आहे. सांगणाऱ्यानं वाक्य टाकलं की ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं. हं आला नाही तर सांगणारा थांबतो, कारण ऐकणारा झोपला तरी असतो नाहीतर त्याला गोष्ट नको असते. मंजुषा चौथीपर्यंत पिशोरला आमच्याजवळ होती. वच्छलाच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं जेवढे हुंकार दिले तेवढे कुणी दिले नसतील. दुसरीत असताना तिनं मला अक्षरं शिकवली. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढं. मी पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावायचो आणि ते पिल्लू शेजारी बसून "हं… हं… पुढं, आबा" म्हणायचं. त्या हंवर मी वाचायला शिकलो.

तिची ही सवय त्या परीक्षेत आडवी आली.

परीक्षा घेणाऱ्यानं पोरगं बोलत असताना काही बोलायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही. सगळ्या पोरांना सारखाच परीक्षक मिळाला पाहिजे, एकाला हसरा आणि दुसऱ्याला आंबट, असं नको. पुण्यात बसलेली कंपनीची माणसं मधूनच कुठलीही परीक्षा उघडून तपासायची. पहिल्याच महिन्यात मंजुषाला ताकीद आली. एक मुलगी होती, आयव्ही म्हणून. तिकडची पोरं इंग्रजीसाठी वेगळं नाव घेतात. ती तिच्या आजीबद्दल सांगत होती, आजी मक्याची कणसं सोलून दाराला टांगते वगैरे. मध्येच अडली. डोळ्यांत पाणी यायला लागलं. मंजुषाच्या तोंडून हं निघून गेला.

"आणि आबा, ती सुटली," मंजुषा मला सांगत होती. "धडाधड बोलली. शेवटपर्यंत. मी प्रत्येक वाक्याला हं म्हणत होते, मला कळलंच नाही."

"मंग चांगलंच झालं की."

"चांगलं काय? परीक्षा रद्द केली तिची. परत द्यावी लागणार तिला. आणि आणखी दोनदा असं झालं तर मला काढतील."

संध्याकाळी रुक्सार आली. पायऱ्या चढून दम लागलेला, तरी बोलणं चालूच. "आबा, तुमच्या पोरीला समजावा. मैं इसको बोली थी, तोंडाला कुलूप लाव. ही बसते पंचायतीत बसल्यासारखी."

वच्छला चहा घेऊन आली. "अन् तू कशी बसतीस गं?"

रुक्सारनं ओढणी सारखी केली, पाठ ताठ केली आणि वच्छलाकडं असं बघितलं, जशी समोर भिंत असावी. वच्छलानं कपबशी तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "आगं माय. हिला कुणी दागदरकडं न्या."

"हौ ना दादी, असंच बसायचं असतं. सवय लागते. माझे अब्बा म्हणतात, तू घरातपण आमची परीक्षा घ्यायला लागली."

मग रुक्सारनंच तोड काढली. मंजुषानं घरी सराव करायचा. कुणीतरी समोर बसून बोलायचं आणि हिनं गप्प राहायचं. बोलायला वच्छलाहून चांगलं कोण मिळणार? वच्छला लगेच तयार झाली. नातीचं काम टिकायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी मी खुर्चीवर बसून बघत होतो. वच्छला पलंगावर, मंजुषा समोर स्टुलावर.

"तर काय झालं," वच्छला म्हणाली, "कडुबामामा निघाला कन्नडला."

मंजुषा गप्प.

"डोक्याला नवा पटका."

गप्प.

वच्छला वाकून तिच्या तोंडाकडं बघायला लागली. "ऐकतीस का?"

"आजी, ऐकतेय. तू बोल ना. मी काही म्हणणार नाय."

"बरं. तर कडुबामामा…" ती थांबली. माझ्याकडं वळली. "अव्हो, पुढं काय झालं वो?"

जिला ती गोष्ट झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती, ती मला विचारत होती. रुक्सार पोट धरून हसली. मीही हसलो.

रोज थोडं थोडं चाललं. आधी मंजुषाच्या तोंडून हं निसटायचा आणि रुक्सार टाळी वाजवून "आउट" म्हणायची. हळूहळू निसटणं थांबलं. वच्छलाही शिकली. उत्तर येत नसतानाही बोलत राहायचं, हे तिनं नातीसाठी जमवलं. पण मला दिसत होतं की तिची गोष्ट लहान होत चालली. नवा पटका गेला. वाटेत भेटलेला जीपवाला गेला. पाय धुवायला पाणी देणारी म्हातारी गेली. शेवटी शेवटी गोष्ट एवढीच उरली, की कडुबामामा चुकीच्या घरी जेवला.

दसऱ्याच्या सुमारास आयव्हीची परीक्षा परत आली. ती दुसऱ्या कुणाकडं जायची होती, पण त्या सकाळी दोघे परीक्षक कामावर आले नव्हते, म्हणून मंजुषाकडंच आली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. दार थोडं उघडं होतं. मला इंग्रजी कळत नाही, पण आवाज कळतो. पोरीनं मंजुषाला ओळखलं असावं, कारण सुरुवातीचा आवाज मोकळा होता. दोन-तीन वाक्यं बोलली. मग थांबली. मग एक शब्द, परत थांबली. ती हंची वाट बघत होती, हे मला बाहेर बसून समजत होतं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. वेळ संपेपर्यंत तो तसाच राहिला.

मंजुषा बाहेर आली आणि सरळ पाणी प्यायला गेली.

"किती दिले?" मी विचारलं.

"जेवढी बोलली तेवढे. खालची तुकडी मिळेल तिला." मग म्हणाली, "आबा, मी तिच्याकडं बघत होते आणि तिला वाटत होतं मी तिच्यावर रागावलेय. हे मला दिसत होतं."

त्याच परीक्षेची तपासणी झाली. पुण्याहून तिचं कौतुक आलं आणि दिवाळीच्या आधी तिला कायम केलं. विश्वजीतनं स्थळांचं नाव काढलं नाही. घरात पेढे आले. सरावाची गरज संपली. वच्छलानं पलंगावरची चादर झटकली आणि म्हणाली, "सुटले बाई."

पण मंजुषा सुटली नाही. ती सवय तिला अशी चिकटली की घरातही ती तशीच ऐकायला लागली. तिची आई काही सांगत असली तर ताठ बसून बघत राहायची. सांगणारा आपोआप आवरतं घ्यायचा. विश्वजीत एकदा चिडून म्हणाला, "मला किती गुण दिले?" तेव्हा ती दचकली. आपण असं बसतो हे तिला माहीतच नव्हतं.

आणि वच्छलानं गोष्टी सांगणं सोडलं. कुणी सांग म्हटलं तर म्हणायची, "आता आठवत नाय." मला आधी ते वयाचं वाटलं.

थंडी पडली होती तेव्हाची एक सकाळ. मंजुषाचं काम आटोपलं होतं, ती गॅलरीत उन्हाला बसली होती. वच्छला मेथी निवडत तिच्याजवळ जाऊन बसली. मी दाराशी होतो. बऱ्याच दिवसांनी वच्छला आपणहून म्हणाली, "मंजे, कडुबामामाची गोष्ट मी तुला कधी पुरी सांगितली नाय."

मंजुषानं तिच्याकडं तोंड वळवलं.

"ज्या घरी तो चुकून जेवला ना, त्या घरात जी पोरगी दाखवायची होती…"

वच्छला थांबली. ती नेहमी थांबायची तिथंच, वाक्य टाकून. मंजुषा तिच्याकडं बघत होती, नीट लक्ष देऊन बघत होती, हे मी सांगू शकतो. पण तोंड मिटलेलं, मान स्थिर. वच्छलानं दोन काड्या निवडल्या. परत वर बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझी परीक्षा चालू दिसती."

"नाय आजी, संपली कधीच. सांग ना."

"सांगंन कधीतरी." मेथीचं ताट उचलून ती आत गेली.

ते कधीतरी आलं नाही. दोन आठवडेही गेले नसतील. सकाळी उठली नाही, एवढंच झालं. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेली.

दहाव्याला पिशोरला मंजुषानं आल्या-गेल्या प्रत्येक म्हातारीला विचारलं. कन्नडच्या त्या घरातली ती पोरगी कोण होती, तिचं पुढं काय झालं? कुणाला माहीत नव्हतं. कडुबामामाला जाऊन वीस वर्षं झाली. काही जणींना तर अशी कुणी पोरगी गोष्टीत होती हेच आठवेना. मलाही वच्छलानं कधी सांगितलं नव्हतं. आमच्या पिढीत नवरे बायकोच्या गोष्टी दुरूनच ऐकायचे, मध्ये बसून नाही.

मंजुषा अजून ते काम करते. चांगलं करते, रुक्सार सांगते. आयव्हीचं पुढं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

हे मी लिहिलं आणि काल तिला वाचून दाखवलं. मी अजूनही अडखळतच वाचतो. ती स्टुलावर बसली होती. पहिल्या वाक्याला काही बोलली नाही. मग तिचं तिलाच कळलं असावं, कारण दुसऱ्या वाक्याला तिनं हं म्हटलं, जरा उशिरा, पण म्हटलं. मग प्रत्येक वाक्याला म्हणत राहिली. कडुबामामाच्या त्या घरातल्या पोरीपर्यंत मी आलो, वाक्य अर्धं होतं तिथं थांबलो. मंजुषा म्हणाली, "हं."

पुढं माझ्याकडं काही नव्हतं.

माझी बायको वच्छलाबाई दोन हजार सव्वीस साली, संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी, नऊ जानेवारीला पहाटे उस्मानपुऱ्याच्या घरी वारली.