हळदीचा ओघळ

शिंदखेड्याकडून धुळ्याला निघालेली रतिलालशेठची परदेशी जीप अभिमन मिस्त्रीच्या गॅरेजसमोर वाफ टाकत थांबली. मागच्या सीटवर कुंदाबाई कण्हत होती. मूल आडवं होतं, डॉक्टरीणबाईंनी धुळ्याला न्यायला सांगितलं होतं. एस.टी.चा संप, म्हणून शेठनं गाडी दिली होती.

भटू ड्रायव्हर उतरला. "अभिमनभाऊ, गाडी पानी पी जास, खाले थेंब नही पडत! गळती बुजाले मूठभर हळद टाकी दिन्ही रेडिएटरमा, तरी तेच."

"ट्रकनं औसद ह्या गाडीले चालस का रे?" अभिमननं विचारलं.

भटूनं माठ उचलला. अभिमननं त्याचा हात धरला. "तापेल इंजिनवर थंडं पानी? हेड तडकी जाई."

"मंग काय, वाट पाहू?" कुंदाबाईची सासू बेबाबाई खिडकीतून ओरडली. "पोर मरी जाई मनी!"

अभिमनची बायको पुष्पा वारली तेव्हा तोही असाच ओरडला होता.

तापमानाचा काटा उतरेपर्यंत तो बॅटरीच्या उजेडात बॉनेटखाली शोधत राहिला. रेडिएटर बाहेरून कोरडा, पंपही कोरडा. मग पार मागं, इंजिनाच्या आड, काळ्या रबरी पाइपवर पिवळा ओघळ दिसला. भटूची हळद तिथून बाहेर पडली होती. पाणी गरम लोखंडावर सांडून जागच्या जागी वाळत होतं.

"हिटरना पाइप शे. फाटना."

"खानदेशमा हिटर? आठे माणूस आपोआप भाजस!" भटू हसला आणि बेबाबाईची नजर दिसताच माठ भरायला वळला.

पाइप मधोमध चिरला होता. तेवढा भाग कापून दोन टोकं जोडायला लोखंडी नळी हवी होती. त्या जाडीची नळी गॅरेजात नव्हती. घरात होती. अभिमन आत गेला. पुष्पा गेल्यापासून चूल पेटली नव्हती. फुंकणी तिनं टेकवून ठेवली तशीच होती. बाहेर कुंदाबाई किंचाळली.

त्यानं फुंकणीवर करवत चालवली.

"चूलनी फुंकणी शे का रे बापा?" बेबाबाईनं विचारलं.

"हाव," म्हणत त्यानं कापलेला तुकडा पाइपात बसवून दोन्ही टोकांना तार आवळली. इंजिन सुरू करून हळूहळू पाणी भरलं. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटूनं दुरूनच हॉर्न वाजवला. "पोरगी व्हयनी! दोन्ही बऱ्या शेत!"

अभिमननं आधी बॉनेट उघडलं. सांधा कोरडा होता.

"चहा पेस का?" त्यानं विचारलं आणि चूल पेटवायला आत गेला. उरलेली फुंकणी आखूड होती. तोंड फार जवळ न्यावं लागलं. धूर सगळा डोळ्यांत गेला.