गुणी पाळण्याची कुरकुर

मी एक जुना लाकडी पाळणा आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी हसत हसत जवळ आलं की मला वाटतं, याच्या पोटात काहीतरी आहे. पुष्कळदा माझं चुकतं. पण एकदा चुकलं नव्हतं, तीच गोष्ट सांगतो.

गावच्या सुतारानं मला एका मोडक्या खाटेच्या लाकडातून घडवलं. माझ्या कड्या त्यानं मुद्दाम घट्ट ठेवल्या, म्हणून मी हललो की कुर्र असा आवाज येतो. लोकांनी नाक मुरडलं, तेव्हा तो म्हणाला, असू द्या. आई कामात असली तरी आवाजावरून तिला कळेल, पाळणा चालू आहे की थांबलाय.

आमच्या गावात पाळणा घरोघर फिरतो. बाळ रांगायला लागलं की पाळणा पुढच्या घरी. आणि गावाची एक समजूत आहे. जे बाळ रडत नाही ते गुणी, आणि गुणी बाळ ज्यात झोपलं तो पाळणाही गुणी. अशा पाळण्यासाठी बायका डोहाळे लागण्याआधीच नंबर लावून ठेवतात.

फिरत फिरत मी केरसुण्या बांधणाऱ्यांच्या घरी आलो. बाप गवत कापून आणायचा, आजी केरसुण्या विकायला जायची आणि आई अंगणात बसून त्या बांधायची. बाळाला सगळे चिमी म्हणत. मी ओसरीवर, आणि माझी दोरी अंगणात बसलेल्या आईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय हलवायचा, हात कामात. इथल्या सगळ्याच बायका असं करतात. पण बाकीच्या माझ्याकडे तोंड करून बसायच्या. ही पाठ करून बसायची. एक दिवस तिनं दोरीला आणखी एक दोरी जोडली आणि अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

चिमी आधी रडायची. मग रडायची थांबली. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहायची. शेजारणी म्हणायच्या, बाई बाई, काय गुणी लेकरू, पाळण्याचाच गुण! माझ्यासाठी नंबर लागू लागले. आजी फुलून जायची. मला मात्र फुकटचं कौतुक पचत नाही. रडणारी पोरं मी खूप झुलवली आहेत. कोणी येईल असं वाटतं तोवर पोर रडतं. हिनं वाट बघणंच सोडलं होतं.

माझा पहिला संशय आईवर. ती चिमीला वेळेवर पाजायची, पुसायची, कपडे बदलायची, पण तोंडातून शब्द नाही. स्वतःचं ताट अर्धं टाकून उठायची. आजी म्हणायची, आळशी आहे. बाप म्हणायचा, झोप होत नसेल. मी म्हणायचो, हिला पोर नकोच आहे.

मग एक दिवस आरोग्य केंद्रातली ताई आली, खांद्याला भली मोठी पिशवी. पिशवीवाल्या माणसांवर माझा मुळीच विश्वास नाही. तिनं वाटी काढून चमच्यानं वाजवली. चिमीनं मान वळवली. म्हणजे कान ठीक होते. मग ताई चिमीकडे बघून छान हसली. चिमी हसली नाही. ताईनं पुन्हा करून पाहिलं, आणि मग तिचंच हसू मावळलं.

"शांत आहे हो आमची," आजी म्हणाली.

ताईनं माझी दोरी कुठवर जाते ते पाहिलं आणि सरळ अंगणात जाऊन आईसमोर बसली.

"बाळाचं राहू दे. तू कशी आहेस?"

घ्या! पोरीला बघायला आलेली बाई आईच्या चौकशा करते! आई म्हणाली, बरी आहे. पण ताई काही उठेना. एकेक काडी उचलून तिच्या हातात देत राहिली. मला वाटलं, हिला फुकट केरसुणी हवी असणार. हातातली केरसुणी बांधून झाली, तेव्हा आई बोलली.

"तिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. मी नसले तरी तिला कळणार नाही."

दाराआड आजी उभी होती. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ती तिथेच खाली बसली.

ताईनं सांगितलं, हा आजार आहे. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो, आणि बराही होतो. दुसऱ्या दिवशी ती आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत आजीही गेली, वाटभर कुरकुरत, पण गेली. आईनं जोडलेली जादा दोरी ताईनं सोडून टाकली. म्हणाली, चिमीकडे तोंड करून बस, तिच्याशी बोल.

"काय बोलू? सुचतच नाही."

"मग पाळणा बोलतो तेच बोल."

आई समोर बसली. मग हळूच म्हणाली, "कुर्र." माझी नक्कल! मला असा राग आला! पण चिमीचे डोळे छतावरून उतरले आणि आईच्या तोंडावर येऊन थांबले.

पुढे रोज तेच चाललं. मी कुर्र, आई कुर्र. आणि एका सकाळी चिमीनं ओठांवर थुंकीचा फुगा काढला आणि म्हणाली, "गुर्र!" आईच्या हातातली पेंढी सुटली, गवत अंगणभर झालं. ती हसली, मग रडली. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

एका हसण्यानं आजार पळत नाही. औषध चालू होतं, ताई येत होती, आजीनं चूल स्वतःकडे घेतली होती. एखाद्या सकाळी आई पुन्हा पाठ फिरवून बसायची. मग आजी येऊन शेजारी बसायची, एकेक काडी तिच्या हातात देत.

चिमी मात्र सुटली! भूक लागली की रडे, कंटाळली की ओरडे. शेजारणी म्हणाल्या, पाळण्याचा गुण गेला. सगळ्यांनी नंबर काढून घेतले आणि मी माळ्यावर गेलो. पुष्कळ वर्षं धूळ खाल्ली.

परवा एका घरून निरोप आला, दुसरा पाळणा मोकळा नाही, तोच द्या. माझ्या कड्यांची कुरकुर घालवायला बाप तेलाची बाटली घेऊन आला. आईनं त्याचा हात धरला. "नको, बोलू दे त्याला." मग ती स्वतः माझ्यासोबत त्या घरी आली. तिथली नवी आई म्हणाली, सगळं छान आहे, बाळ अगदी शांत आहे. मला काही खरं वाटलं नाही. आमच्या आईलाही वाटलं नसावं. चपला काढून ती तिच्यासमोर बसली.

"बाळाचं राहू दे," ती म्हणाली. "तू कशी आहेस?"

मित्रांनो, कोणाकडे बाळ बघायला गेलात, तर किती शांत आहे म्हणून लगेच निघू नका. थोडं थांबा. आईचं तोंड कुणीकडे आहे, ते बघा.