पुढच्या मोसमाचा संघ

"अप्पा, मॅच हाफ झाली की टीव्ही ऑफ करा हं. अकराला लोक येणार आहेत," बेसमेंटच्या जिन्यावरून वाकून रीमा म्हणाली. "आणि ते ब्लँकेट फोल्ड करून क्लॉझेटमध्ये, प्लीज. इथे कुणी बसतं असं दिसायला नको."

"अर्ध्या मॅचवर उठायचं म्हणजे भरल्या पानावरनं उठल्यागत झालं की गं," एकनाथराव म्हणाले.

"सॉरी अप्पा, टाइम एजंटने ठरवला. आम्ही अकराच्या आत बाहेर पडूया, ओके?"

सून वर गेली आणि एकनाथराव पुन्हा टीव्हीकडे वळले. स्कॉटिश कपची फायनल सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली होती. तिकडे दुपार, इकडे अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये सकाळ. ग्लेनकॅरिक थिसल हा त्यांचा संघ आयुष्यात पहिल्यांदा फायनलला पोचला होता, आणि नेमका त्याच शनिवारी मुलाच्या घराचा लिलाव मांडला होता. लिलाव हा शब्द त्यांचा. बाकीचे त्याला ओपन हाउस म्हणत. घर विकायला काढलं की एजंट एक दिवस दारं सताड उघडी ठेवतो, येईल त्याने फिरून बघावं, आणि तेवढा वेळ घरच्यांनी तोंड काळं करावं, अशी ही पद्धत. घेणाऱ्याला हे घर आपलंच वाटलं पाहिजे, म्हणून आधीच्यांच्या खुणा पुसायच्या. आठवडाभर घरात फोडणी पडली नव्हती. हिंगाचा वास जावा म्हणून व्हॅनिलाच्या मेणबत्त्या जळत होत्या, आणि भिंतीवरचे सगळे फोटो खोक्यात घालून गराजमध्ये ठेवले होते. त्यांत त्यांच्या बायकोचा, सुलभाचाही होता. फोटो उतरवताना रीमाने दोनदा सॉरी म्हटलं होतं. पोर मनाने चांगली होती, त्याबद्दल एकनाथरावांची काही तक्रार नव्हती.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला माणूस स्कॉटलंडच्या कुठल्याशा गावाच्या संघासाठी जीव का टाकतो, हे अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळात कुणाला कळत नसे. मंडळात सगळे क्रिकेटवाले. पण कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. पेठेपेठेच्या तालमींचे संघ, मॅचच्या दिवशी ओस पडणारी दुकानं आणि हरल्यावर दोन दिवस न बोलणारे मामा, यांतच एकनाथ सरनाईक लहानाचे मोठे झाले. पुढे फाउंड्रीतल्या नोकरीत कंपनीने ट्रेनिंगला स्कॉटलंडला धाडलं. ग्लेनकॅरिक हे नदीकाठचं करड्या रंगाचं गाव, बोलायला कुणी नाही, आणि पाऊस असा की कपडे वाळत म्हणून नाहीत. पहिल्याच शनिवारी फोरमनने त्यांना मैदानावर नेलं आणि हातात गरम मटण पाय ठेवला. मटण पाय म्हणजे मटणाचं सारण भरलेली करंजीची थोरली बहीण. तांबड्या रश्शाची सर तिला नव्हती, पण आजूबाजूला अनोळखी माणसं रेफरीच्या आईबहिणीचा उद्धार करत होती आणि एकनाथरावांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी ग्लेनकॅरिक हरलं. पुढेही बहुतेक हरतच राहिलं, पण एकदा आपलं म्हटलं की म्हटलं.

कोल्हापूरला परतल्यावर शनिवारी रात्री ते रेडिओ कानाला लावून बसत. खरखरीतून निकाल यायचे. स्वयंपाकघरातून सुलभा विचारायची, "आपण जिंकलो का हो?" तिला गोलकीपर आणि रेफरी यांतला फरक ठाऊक नव्हता, पण 'तुमची टीम' असं ती कधी म्हणाली नाही. चाळीस वर्षं ती 'आपण'च हरत होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून एकनाथराव मुलाकडे होते.

मराठीत ही एक मोठी सोय आहे. इंग्रजांचा 'वुई' एकच, त्यात कोण आहे आणि कोण नाही ते ज्याने त्याने समजून घ्यावं. आपल्याकडे ऐकणाराही धरला तर 'आपण', तो वगळला तर 'आम्ही'. रीमा न्यू जर्सीत जन्मलेली. तिच्या मराठीत 'आपण' नव्हताच. "अप्पा, आम्ही जेवूया," असं म्हणून ती त्यांनाच पान वाढायची. त्यामुळे मार्चमध्ये ती जेव्हा म्हणाली, "अप्पा, गुड न्यूज! आम्ही सांता क्लाराला मूव्ह होतोय," तेव्हा त्या 'आम्ही'त सासरा बसतो की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मुलाचं, सत्यजितचं तसं नव्हतं. तो दहावीपर्यंत कोल्हापुरात शिकलेला. त्याच्या तोंडून काय निघतं याकडे एकनाथराव कान लावून होते. पण नव्या नोकरीची बातमी आल्यापासून पठ्ठ्या प्रत्येक वाक्यातून कर्ताच गाळून टाकत होता. "जूनमध्ये शिफ्ट व्हायचंय." "घर बघायचंय." "तिकडे भाडी फार आहेत, टू बेडरूममध्ये भागवावं लागेल." कुणी व्हायचंय, कुणी भागवायचंय, याचा पत्ता नाही. दोन बेडरूम म्हणजे एक नवराबायकोची, एक नातीची. हा हिशेब एकनाथरावांना येत नव्हता असं नाही. पण हॉलमध्येही कॉट बसते, आणि माणसाची आशा वेडी असते. सरळ विचारायची मात्र त्यांना भीती वाटत होती.

इंटरनेटवर ग्लेनकॅरिकवाल्यांचा एक कट्टा होता. महिनाभर तिथे फायनलपेक्षा पुढच्या मोसमाचीच चर्चा जास्त. गोलकीपरचा करार संपतोय, त्याला थांबवा. स्ट्रायकर उसना आणलेला, तो मूळ क्लबकडे परत जाणार, त्याच्या जागी कोण? आणि लेफ्ट बॅक मॅकिलवेनचं काय करायचं? तो पस्तिशीचा, पंधरा वर्षं याच संघात. एकनाथरावांनी लिहिलं होतं, पाय थकलेत, भावनेने संघ बनत नाही, मानाने निरोप द्यावा. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. हल्ली ते वाक्य आठवलं की त्यांना कसंतरीच व्हायचं.

पहिला हाफ कोराच गेला. समोर ग्लासगोचा मोठा संघ होता, पण ग्लेनकॅरिकने त्यांना वाव दिला नाही. मॅकिलवेन राखीव खेळाडूंत बसला होता. हाफ टाइमची शिट्टी वाजली तशी एकनाथरावांनी ब्लँकेटची घडी घातली, टीव्ही बंद केला आणि ते बाहेर आले. रीमा नातीला घेऊन डान्स क्लासला निघून गेली होती. सत्यजित गाडी सुरू करून वाट बघत होता.

"पार्कपाशी थांबू," तो म्हणाला. "फोनवर लावून देतो मॅच."

खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरांच्या रांगा ओलांडून त्याने तळ्याकाठी गाडी लावली आणि फोन स्टिअरिंगपुढे टेकवून ठेवला. काठावर बदकं होती. बाप-लेक शेजारी शेजारी बसून तळहाताएवढ्या पडद्याकडे बघू लागले. सत्यजितला अधूनमधून ऑफिसचे मेसेज येत आणि ते मॅचवरून सरकत जात.

"तो कोण सारखा बाहेर पळतोय?" त्याने विचारलं.

"मॅकिलवेन. अंग गरम करायलाय. कोचनं बोलावलं तर आत जायचं."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर पळायचं नुसतं."

कोचने बोलावलं नाही. दोन खेळाडू बदलले, तिसराही बदलला. मॅकिलवेन रेषेबाहेर पळत होता, थांबून मांड्या ताणत होता आणि पुन्हा पळत होता. शेवटी शेवटी एक कॉर्नर मिळाला, गोलासमोर झुंबड उडाली आणि चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून जाळीत गेला. एकनाथरावांनी अशी काही आरोळी ठोकली की तळ्यावरची बदकं उडाली आणि सत्यजितच्या हातातली कॉफी सांडली.

"अप्पा! बीपी!"

"गेलं खड्ड्यात बीपी! गोल झाला की रं!"

उरलेली मिनिटं त्यांनी डोळे मिटून काढली. शिट्टी वाजली. पडद्यावर माणसं रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मॅकिलवेन ट्रॅकसूटवरच धावत मैदानात आला होता. एकनाथरावांच्या डोळ्यांना धार लागली. आत्ता या क्षणी सुलभा हवी होती. तिने फक्त विचारायला हवं होतं.

"काँग्रॅट्स अप्पा," सत्यजित म्हणाला आणि कॉफी पुसायला टिश्यू शोधू लागला.

आनंदाने माणूस धीट होतो. एकनाथरावांनी चष्मा पुसला आणि इतके दिवस घशात अडकलेलं विचारून टाकलं.

"सत्या, तिकडं माझी खोली कुठल्या अंगाला? सकाळचं ऊन येईल न्हवं?"

सत्यजितचा हात थांबला. त्याने टिश्यूची घडी घातली, मग आणखी एक घातली.

"अप्पा, तेच बोलायचं होतं तुमच्याशी. रीमाचं म्हणणं होतं आधीच बोलू, मीच टाळत होतो." तो समोर तळ्याकडे बघत होता. "म्हणजे बघा, आधी आम्ही तिकडे जरा सेटल होतो. मग बघू. सहा-आठ महिन्यांत आम्ही मोठी जागा घेऊ, मग तुम्ही..."

आम्ही. एकदा नाही, दोनदा. कोल्हापुरात दहावी झालेल्या मुलाच्या मराठीत चूक निघायला जागा नव्हती. तरी एकनाथराव थोडा वेळ थांबले. माणूस बोलताना चुकतो, मग दुरुस्त करतो. सत्यजितने दुरुस्त केलं नाही.

त्यांना खूप वाईट वाटलं. रागही आला, पण तो मुलाच्या चेहऱ्याकडे बघून टिकला नाही. त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते, आणि दहा वर्षांचा असताना काच फोडून आल्यावर तो जसा बसायचा तसाच आत्ता बसला होता.

"मीच म्हणणार होतो," एकनाथराव म्हणाले. "मला कोल्हापूरला जायचंय."

"अप्पा, असं नका ना म्हणू."

"अरे खरंच. गिरिजाआत्त्या कवाधरनं बोलावतीया. फ्लॅटची चावी तिच्याकडंच हाय. तालमीचे सामने बघून किती वर्षं झाली मला. हितं काय, क्रिकेटवाली माणसं सगळी."

"नक्की? तुम्हाला चालेल?"

"न चालायला काय झालं? तू तिकीट बघ."

सत्यजितने लांब श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले. मुलाला बरं वाटलं, हे एकनाथरावांना त्या 'आम्ही'पेक्षा जास्त लागलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बदकं परत पाण्यात उतरली होती.

थोड्या वेळाने त्यांना लघवीला लागली. या वयात ते थांबत नाही, आणि पार्कातल्या टॉयलेटला कुलूप होतं. घर दोन मिनिटांवर. सत्यजितने गाडी घरापासून जरा लांब उभी केली, तेवढ्यात त्याला ऑफिसचा फोन आला. "तुम्ही जाऊन या पटकन," त्याने खुणेने सांगितलं.

दारात एजंटची मदतनीस उभी होती. तिने एकनाथरावांना कधी पाहिलं नव्हतं. हसून स्वागत करत तिने बुटांवर चढवायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या पुढे केल्या आणि इंग्रजीत विचारलं, "स्वतःसाठी बघताय की फॅमिलीसाठी?"

मी घरचाच असं सांगावं, तर घरच्यांनी आता इथे असायला नको होतं. "जस्ट लुकिंग," एकनाथराव म्हणाले, आणि वाकून मुकाट्याने पिशव्या चढवल्या.

बाथरूममधून बाहेर आल्यावर त्यांनी परत फिरायचं, तर पाय सवयीने डावीकडे वळले. त्यांची खोली तळमजल्यावर होती. आत एक म्हातारी बाई कॉटच्या कडेला बसली होती. सुती साडी, वर मुलाचा असावा असा जाड स्वेटर, पायांत तशाच निळ्या पिशव्या. जिन्यावरून तिच्या लोकांचं तेलुगू बोलणं ऐकू येत होतं. ती गादीवर हात दाबून बघत होती. एकनाथरावांना बघून ती लगबगीने उठली.

"बैठो, बैठो," ते म्हणाले.

ती बसली नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटा बोला, ये मेरा रूम." आणि मग ते खरं की नाही हे जणू त्यांनाच ठाऊक असावं तशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बेटा बोला ना? तो आपकाच," ते म्हणाले. "अच्छा रूम है."

मग ते पुढे झाले. त्या खिडकीची काच नुसती ढकलली तर हलत नाही, आधी जरा उचलावी लागते, हे त्यांनी तिला करून दाखवलं. तिने करून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा तिची तिला उघडली, आणि ती हसली.

"सुबह धूप इधर से आती है, सीधी आँख में," त्यांनी सांगितलं. तिला कळलं नाही असं वाटून त्यांनी कॉटवरची उशी उचलली, दोन्ही हातांनी जरा फुलवली आणि दुसऱ्या बाजूला ठेवून दिली.