पायाळू

आईच्या डाव्या चपलेची अंगठ्याजवळची कड घासून पातळ झाली होती आणि टाच जवळपास नवी होती. उजवीचं उलट. टाच झिजलेली, पुढचा भाग शाबूत. दोन्ही भोकरदनहून एकाच दिवशी आणलेल्या. ओट्यावर बसून मी त्या उलट्या करून पाहिल्या आणि परत जागेवर ठेवल्या. आईचा डावा पाय आता उचलला जात नव्हता, ओढला जात होता.

"चपला काय बघून राह्यली?" आई आतून म्हणाली. "नव्या घेणारेस का?"

"पाय बघतेय."

"पायाला काय झालं? दुखते ती कंबर."

हेच ती डॉक्टरांनाही सांगत आली होती. तिच्या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती आणि पायाकडे जाणारी नस दबली होती. जालन्याच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आधी औषधं आणि व्यायाम. नाही भागलं तर मणक्याजवळ इंजेक्शन. पायातली ताकद जायला लागली तर मात्र ऑपरेशन करून सरकलेला तुकडा काढायचा, नसेवरचा दाब मोकळा करायचा, आणि तेव्हा थांबायचं नाही. आईने सगळं मान डोलावून ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टर लई सालस हाये."

डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा ती पाहुण्यांकडे जाताना बांधायची आणि शेतात जाताना काढून ठेवायची. व्यायामाबद्दल म्हणायची, "कापूस वेचणं म्हंजे व्यायाम न्हाई का?" इंजेक्शनने बरं वाटलं, तर त्या बरं वाटण्यात तिने वाकून कापसाचं अख्खं वावर वेचून काढलं. मग ऑपरेशन वेचणी झाल्यावर. मग संक्रांतीनंतर. मग माझ्या भावाच्या, सोमेश्वरच्या मेहुणीचं लग्न झाल्यावर. मागच्या खेपेला डॉक्टरांनी तिला टाचांवर चालायला लावलं. डावं पाऊल वर येईना. "ऑपरेशनने दुखणं जाईल," ते म्हणाले, "पण अजून उशीर केलात तर पाऊल परत येईलच असं सांगता येणार नाही. बधीर वाटतं का?"

"न्हाई. बराबर कळतं मला."

तिला ऑपरेशन नको होतं, कारण तिच्या मते घरातच इलाज होता. तो इलाज म्हणजे मी.

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी शाळेत जायच्या आधी ओट्यावर कोणीतरी पाठ करून बसलेलंच असायचं. मी लाथ मारायची, हातावर गूळ-शेंगदाणे मिळायचे. कॉलेजात गेल्यावर मी ते बंद केलं. उसण तशीही आपोआप जाते, हे मला कळलं होतं. आता मी एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासते, आणि माझी आई गावभर सांगते, "पोरगी सगळ्या गावाला पाय लावत होती, आईला लावंना."

"ताई, लाव की एकदा," सोमेश्वर म्हणाला. "तिचं समाधान होईल. आमच्या कानांचीही सुटका होईल."

"दबलेल्या नसेवर लाथ मारू?"

"हळूच लाव. लाथ कोण म्हणतंय?"

"गावची पोरं शिकली की पाय पण जड होतात," शेजारच्या नंदाबाई म्हणाल्या. तेल, विटेचा शेक, बिब्बा, सगळं त्यांच्याकडूनच आलं होतं. आजही त्या हजर होत्या.

मी एवढी कंटाळले होते की मला रागही नीट येईना. तेवढ्यात पुन्हा चपलांकडे लक्ष गेलं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "चल. उभी राहा."

आई इतक्या लगबगीने उठली की माझं मन क्षणभर खट्टू झालं. तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली, पाठ माझ्याकडे केली, पदर खोचला.

"समोर बघ. मागे वळायचं नाही."

"ठाऊक हाये मला. तुला मीच शिकवलं."

नंदाबाई पुढे सरकल्या. मी तोंडावर बोट ठेवलं. मग आईच्या मागे, डावीकडे उभी राहिले आणि पाऊल पुढे टाकलं.

आई वाट बघत राहिली.

"लाव की," ती म्हणाली. "पायाला मेंदी काढलीस का?"

सोमेश्वर हसायला लागला, आणि खाली बघून थांबला.

"ज्योत्स्ना. मंग? कंबर भरून आली माझी."

"लावलाय, आई."

"कुठं लावला? मला काय कळत न्हाई का?"

"खाली बघ."

तिने मान वाकवली. माझं पाऊल तिच्या डाव्या पावलावर होतं, अंगठ्यावर आणि वरच्या भागावर, दाबून. ती बघत राहिली. मी पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग मी तिच्या उजव्या पायावर तेवढाच दाब दिला. तो तिने चटकन मागे घेतला.

"कव्हापासून ठेवला व्हता?"

"तू चौकट धरलीस तेव्हापासून."

नंदाबाई काही बोलायला गेल्या. सोमेश्वरने त्यांना हाताने थांबवलं. आईने चौकट सोडली नाही. डाव्या पायाची बोटं वर करायचा तिने प्रयत्न केला, मला दिसलं. बोटं जमिनीलाच राहिली.

"ज्योत्स्ना," ती चौकटीकडेच तोंड करून म्हणाली, "डॉक्टरला फोन कर. मी ऑपरेशन करून घेते."