मथळ्याखालचा माणूस

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. पूर्वी ती कॉलेजात शिकवायची. चित्र स्वतःहून काही बोलत नाही, शेजारचे शब्द त्याला बोलायला लावतात, हे तिचं वर्गातलं ठरलेलं वाक्य. आता ती बातम्यांच्या एका वेबसाइटसाठी फोटो निवडायची.

त्या सकाळी बातमी आली. बनावट औषधाने दोन मुलं दगावली होती आणि ते विकणारा फरार होता. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता.

"काहीतरी लाव गं, पान ओकंबोकं दिसतंय," संपादक म्हणाले.

तिने जुने फोटो चाळले. एक मेडिकलवाला सापडला. हातात बाटली, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा लेखासाठी काढलेला. बघताच माणूस काहीतरी लपवतोय असं वाटत होतं. तिने तोच लावला आणि खाली बारीक अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र' लिहिलं. वर संपादकांचा मथळा होता, 'हाच तो विषाचा व्यापार'. 'हाच तो' हे शब्द बोटासारखे त्या चेहऱ्यावर रोखलेत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

साडेअकराला ऑफिसचा फोन वाजला.

"मॅडम, फोटो तुम्ही लावता का?" पुरुषाचा आवाज, अगदी दबका. "तो मी आहे. मी काही केलेलं नाही हो. बाहेर माणसं जमलीत."

ती खुर्चीतून उठली. "शटर ओढून घ्या."

"ओढलंय. आई आत आहे. तिला कमी ऐकू येतं. विचारतेय, भर दिवसा दुकान का बंद केलंस."

पलीकडे पत्र्यावर काहीतरी धाडकन आदळलं आणि फोन कट झाला.

तिने लगेच फोटो काढून टाकला. पण तोवर कुणीतरी खालची बारीक अक्षरं कापली होती, चेहऱ्याभोवती लाल गोल काढला होता आणि दुकानाचा पत्ता टाकून वर लिहिलं होतं, 'सापडला!' ते चित्र या फोनवरून त्या फोनवर चाललं होतं. तिने पोलिसांना कळवलं आणि पर्स उचलली.

"आपण खुलासा टाकू," संपादक म्हणाले. "तू जाऊ नकोस, अंगाशी येईल."

"आलंच आहे," ती म्हणाली.

दुकानासमोर चाळीसेक माणसं होती. कुणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. कडेवर मूल घेतलेली एक बाई शेजारणीला फोन दाखवत होती. "डोळेच बघ ना मेल्याचे!"

ती दुकानाच्या पायरीवर चढली. "हा फोटो मी लावला. चूक माझी आहे. हा तो माणूस नाही."

"तू कोण? बायको त्याची?" मागून कुणीतरी म्हणालं. चारजण हसले. मग एक फोन तिच्याकडे वळला, पाठोपाठ दहा. एक दगड तिच्या डोक्यावर टांगलेल्या दुकानाच्या पाटीला लागला. आत्ता, याच क्षणी, कुणीतरी आपल्या चेहऱ्याखाली काहीतरी लिहितंय, हे तिला कळलं. पोलिसांची गाडी आली तेव्हा ती शटरला पाठ लावून नुसती उभी होती.

गर्दी पांगल्यावर शटर वर गेलं. साधा माणूस, दाढी करताना हनुवटीला कापलेला.

"मीच का दिसलो तुम्हाला?"

तिने खरं ते सांगितलं. "तुमचा अर्धा चेहरा अंधारात होता."

"त्या दिवशी दुकानातला बल्ब गेला होता," तो म्हणाला.

आतून म्हातारीने मोठ्याने विचारलं, "काय हवंय रे त्या बाईंना?" त्याने शटर पुन्हा अर्ध्यावर ओढलं.

खरा विक्रेता तिसऱ्या दिवशी सापडला. खुलासा फार थोड्यांनी वाचला. मेडिकलवाला आईला घेऊन बहिणीकडे गेला तो महिनाभर परतला नाही. मास्तरीणबाईंचाही फोटो फिरला, खाली 'साथीदार' असं लिहून. तिने नोकरी सोडली.

पुढे एकदा ती कोपऱ्यावर पाव घ्यायला गेली. बेकरीवाला तिच्याकडे बघत राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्तच. ओळखून, की उगाच? तिला कळेना. पाव तिथेच ठेवून ती झपाझप घरी निघाली.